बेल हाउसिंगखालची गळती सील बदलूनही थांबत नसेल तर

जीप रात्रभर उभी राहिली की सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) बरोबर खाली, बशीएवढा काळा डाग. मिस्तरी वाकून बघतात आणि म्हणतात, "मागचं सील गेलंय." म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग. गिअरबॉक्स उतरतो, सील बदलतं, पंधरा-वीस दिवस जमीन कोरडी राहते आणि मग तोच डाग त्याच जागी पुन्हा. जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्या पुष्कळांना हे ओळखीचं असेल. माझ्याकडं अडीच वर्षांत तीन वेळा गिअरबॉक्स उतरला. काढलेली तिन्ही सीलं मी ठेवून दिली आहेत. त्यांतलं एकही खराब नव्हतं.

आमचं वावर बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटच्या उतारावर. जीप १९९६ची, डिझेल, साधी. दिवाळीच्या आसपास डोंगरातली सीताफळं, एरवी कडबा, खताची पोती, आणि पावसाळ्यात पांदणीच्या काळ्या गाऱ्यातून (चिखलातून) शेतातल्या आखाड्यापर्यंत माणसं, असं तिचं काम. पावसाळ्यात आमच्या आखाड्यावर दुसरी गाडी पोचत नाही, म्हणून ती विकायचा विचार कधी केला नाही. जे शिकलो ते तीन वेळच्या मजुरीतून शिकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

कोणतं ऑइल ते आधी ठरवा

गळतीच्या जागेवर तर्क करण्याआधी काय गळतंय ते बघायचं. साडीच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवून ठेवा आणि त्यावर पुढचं चाक कुठं, मागचं कुठं याची खूण करा. सकाळी थेंब बोटावर घ्या, चोळा, वास घ्या.

डिझेल इंजिनचं ऑइल काजळीमुळं काळंभोर असतं. गिअर ऑइल, म्हणजे ९० नंबर किंवा १४०, हे घट्ट, पिवळट-तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ, पाण्यात धुतलं जाणारं आणि रंग उडवणारं. डिझेल वासानंच कळतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचं ऑइल बहुधा लालसर. रेडिएटरचं कूलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटाला किंचित चिकट.

बेल हाउसिंगखाली ही परीक्षा फार महत्त्वाची आहे, कारण तिथून तीन वेगवेगळी ऑइलं टपकू शकतात. काळं असेल तर इंजिनकडून. गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून. क्लच हायड्रॉलिक असेल आणि थेंब पातळ, पाण्यात विरघळणारा असेल तर क्लचच्या सिलेंडरमधून. माझा थेंब काळा होता. त्यामुळं पहिल्या गॅरेजवाल्यांनी "इंजिनचं मागचं सील" म्हटलं ते अगदीच निराधार नव्हतं. चूक पुढं झाली. इंजिनचं ऑइल बेल हाउसिंगखाली येतंय एवढ्यावरून ते बेल हाउसिंगच्या आतूनच येतंय असं धरलं गेलं.

ऑइल खाली उतरतं आणि मागं सरकतं

केजकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक वयस्कर मिस्तरी आहेत. चौथ्यांदा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तेव्हा भाच्यानं मला त्यांच्याकडं नेलं. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "कुठं पडायलंय ते तुम्ही बघितलं. कुठून गळायलंय ते कुणी बघितलंय का?"

चालत्या गाडीत पुढून वारा येतो. इंजिनच्या अंगावर आलेला ऑइलचा ओघळ वजनानं खाली येतो आणि वाऱ्यानं मागं जातो. म्हणून जिथं थेंब दिसतो ती जागा बहुधा प्रवासाचा शेवट असते. शोध घ्यायचा तो सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या ओल्या जागेचा. खालून वर बघत जा, आणि जिथं ओल संपून कोरडं लागतं तिथं थांबा. गळती त्या रेषेवर असते.

पण तीस वर्षांच्या इंजिनवर कोरडं असं काही दिसतच नाही. धूळ आणि ऑइल मिळून बोटभर जाडीचा थर बसलेला असतो, सगळंच ओलं आणि सगळंच काळं. त्यामुळं धुतल्याशिवाय निदान नाही. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते टाळलं जातं आणि म्हणूनच चुकीची सीलं बदलली जातात.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम डिझेल पंपावर गार पाणी मारायचं नाही, आतले भाग फार बारीक मापाचे असतात, पंप जाम होऊ शकतो. अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि ब्रीदरची (इंजिनमधला वायू बाहेर सोडणारी) नळी प्लास्टिकच्या पिशवीनं बांधून घ्या. लाकडाच्या चपट्या काडीनं थर खरवडा, मग ब्रशनं थोडं डिझेल लावून सैल करा. इथंच बरेचजण थांबतात, आणि फसतात. डिझेलचा पातळ थर मागं राहतो आणि तासाभरानं तोच गळतीसारखा दिसतो. शेवटी कपड्याच्या साबणाच्या पावडरचं पाणी आणि स्वच्छ पाणी लागतंच. मग उन्हात वाळवा. आमच्याकडं मार्च ते मे या महिन्यांत त्याला अर्धा तासही लागत नाही.

वाळल्यावर संशयाच्या सगळ्या जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर उडवा. जुन्या पायमोज्यात पावडर भरून तो झटकला की ती सारखी बसते. ऑइलचा पहिला थेंब निघाला की पांढऱ्यावर काळी वाट उमटते. बाजारात ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि निळा दिवाही मिळतो, पण पावडरीनं माझं काम झालं.

घाट चढल्याशिवाय गळती बोलत नाही

जागेवर अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, काहीच दिसलं नाही. मिस्तरी म्हणाले, "घाट चढून या." दहा पोती खत मागं टाकून धारूरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढलो आणि वर गेल्यावर बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून, ड्रायव्हरसमोरच्या पत्र्याच्या बाजूनं, एक काळी रेघ खाली उतरली होती. इंजिनच्या पाठीवरून थेट बेल हाउसिंगच्या माथ्यावर, तिथून दोन्ही बाजूंनी वळसा घालून खालच्या टोकाला. वरून उभं राहून तो कोपरा दिसत नाही, आरसा आणि टॉर्च लागतो. घाटात गाडीचं तोंड वर असतं तेव्हा टॅपेट कव्हरमधलं ऑइल त्याच कोपऱ्याकडं सरकतं. आणि सील बदललं की पंधरा-वीस दिवस डाग का दिसत नव्हता तेही कळलं. दर वेळी काम झाल्यावर इंजिनचा मागचा भाग पुसला जायचा. ओघळाला पुन्हा धूळ भिजवून खालपर्यंत यायला तेवढे दिवस लागायचे.

आतून की बाहेरून हे ठरवायचा दुसरा मार्ग आहे, तो तर पहिल्याच दिवशी करता आला असता. बॅटरीची वायर सोडून स्टार्टर मोटर काढा आणि त्या भोकातून टॉर्चनं आत बघा. फ्लायव्हीलच्या मागं आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ऑइल उडालेलं असेल तर गळती आतली आहे. आत नुसती क्लचप्लेटची कोरडी भुकटी असेल आणि बाहेर ओल असेल तर गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. क्लच घसरत नाही, हीसुद्धा आत ऑइल नसल्याची एक साक्ष, पक्की नाही तरी विचारात घ्यावी अशी.

आणि तरीही ते परत आलं

टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग वाळून विटेसारखं झालं होतं. नवीन बसवलं, बोल्ट बेतानं आवळले. दोन महिने छान गेले. मग पावडरीवर पुन्हा रेघ, तीही नव्या पॅकिंगमधून.

या वेळी मिस्तरींनी ऑइल भरायचं झाकण सैल करून इंजिन चालू करायला सांगितलं. झाकण तोंडावर उलटं ठेवलं तर ते नाचायला लागलं आणि फसफस वारा आला. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतोच, प्रत्येक इंजिनमध्ये. तो बाहेर पडायला ब्रीदरची नळी दिलेली असते. रिंगा झिजल्या की हे बॅक कॉम्प्रेशन वाढतं. माझ्या मनात लगेच इंजिन खोलायचा खर्च आला. पण मिस्तरींनी ब्रीदरची नळी ओढून काढली आणि टोकाला फुंकली. फुंकर पलीकडं जाईना. तार घातली तर वाळलेल्या मातीचे तुकडे पडले, त्यांत दोन वाळक्या अळ्या.

कुंभारीण माशीचं घर. दर उन्हाळ्यात काम नसतं तेव्हा जीप आखाड्यावर महिना-दीड महिना उभी असते. त्या माशीला बोटाएवढी नळी म्हणजे तयार खोली. इंजिनच्या वायूला वाट उरली नाही, तेव्हा त्यानं सगळ्यात दुबळा जोड शोधला. पॅकिंग नवीन असो की जुनं, दाब असेपर्यंत कुठून तरी ऑइल येणारच होतं.

नळी साफ करून बसवली आणि झाकणाची परीक्षा पुन्हा केली. झाकण किंचित थरथरत होतं, नाचत नव्हतं. म्हणजे रिंगा वयाच्या मानानं ठीक. या गोष्टीला आता चौदा महिने झाले, बेल हाउसिंग कोरडं आहे. उभ्या गाडीच्या ब्रीदरच्या टोकाला मी आता बारीक जाळी बांधतो. कापड किंवा बूच नाही, वारा गेला पाहिजे.

मागच्या सीललाही या दाबाचा त्रास होतो हे लक्षात ठेवा. काही जुन्या इंजिनांत क्रँकच्या मागं रबरी सीलऐवजी दोरीचं पॅकिंग असतं, काहींत शाफ्टवर फक्त आटे कोरलेले असतात, जे फिरताना ऑइल आत ढकलतात. अशा ठिकाणी चेंबरमध्ये दाब वाढला की ऑइल बाहेर येतं. सील बदलायच्या आधी ब्रीदर बघणं फुकट आहे.

मागचा एक्सल: तीच गोष्ट, माशीऐवजी माती

यानंतर मी सगळे ब्रीदर तपासले. डिफ्रन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरपेटीच्या, नळकांड्यावर वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते, ती बोटानं हलली पाहिजे. माझी हलत नव्हती. काळी माती ओली असताना मेणासारखी शिरते आणि वाळली की सिमेंट होते.

बंद ब्रीदरनं दोन उलट गोष्टी होतात. घाट चढून डिफ्रन्शियल तापतं, आतली हवा फुगते आणि ऑइलला सीलबाहेर ढकलते, पिनियनच्या (जिथं इंजिनकडून येणारा शाफ्ट जोडला जातो तिथल्या) नाहीतर चाकाकडच्या. मग तीच तापलेली गाडी ओढ्यात उतरली की हवा एकदम आकसते आणि तेच सील बाहेरचं पाणी आत ओढतं. ड्रेन नट खोलल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर हेच झालेलं असतं. ते सगळं बदला. नुसतं वरून भरून बेअरिंग वाचत नाहीत.

उपाय स्वस्त आहे. टोपीच्या जागी निप्पल बसवून डिझेलची रबरी नळी चासीवर उंच न्या आणि टोक खाली वळवून ठेवा. एक्सल वरखाली होतो, तेवढी ढील नळीला द्या.

चाकाच्या आतल्या बाजूनं, ब्रेकच्या ताटाखालून ओल दिसली तर काम पुढं ढकलू नका. ड्रम काढा. गंधकाचा वास असेल तर एक्सलचं सील, पातळ आणि पाण्यात धुतलं जाणारं असेल तर ब्रेकचा व्हील सिलेंडर. दोन्हीत भिजलेले लायनर बदलायचे. पेट्रोलनं पुसून परत बसवलेल्या लायनरवर घाट उतरू नये, ऑइल त्यांत मुरलेलं असतं, तापलं की वर येतं.

सील खरंच गेलं असेल तेव्हा

पिनियनचं किंवा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) शाफ्टचं सील कधीकधी खरंच कापलं जातं. आमच्या भागात त्याची कारणं ठरलेली: उसाचं पाचट, सुतळी, ठिबकची नळी. वावरातून जाताना हे शाफ्टला गुंडाळतं आणि सीलच्या ओठापर्यंत (शाफ्टला टेकणाऱ्या कडेपर्यंत) शिरतं. हंगामात आठवड्यातून एकदा खाली हात घालून ते कापून काढायची सवय लावा.

नवीन सील घ्यायच्या आधी ज्या गोल भागावर ते बसतं तिथं नख फिरवा. नख अडलं तर जुन्या सीलनं तिथं चर पाडलाय, आणि नवीन सील त्याच चरावर बसलं तर महिन्यात गळेल. सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. ते जमत नसेल तर पातळ स्लीव्ह (नळीसारखं आवरण) चढवायची किंवा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) बदलायचा. आणि शाफ्ट हातानं वरखाली हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर कोणतंही सील टिकणार नाही.

बसवताना ओठाची स्प्रिंग ऑइलच्या बाजूला, ओठाला ऑइल लावून, शाफ्टच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळून. ठोकायचं ते बरोबर मापाच्या पाइपनं, चारी बाजूंनी सारखं. एका कडेला हातोडी मारून बसवलेलं सील वाकडं बसतं. पिनियनचा नट खोलण्याआधी नटावर आणि शाफ्टवर पंचनं खूण करा, तो बेअरिंगच्या ताणाशी बांधलेला असतो.

एक फसवी जागा अजून. सील कोरडं आणि मधल्या नटापासून थेंब येत असेल तर ऑइल शाफ्टच्या दातांमधून सरकतंय. फ्लँज काढून दातांवर सीलंटचा पातळ हात मारला की थांबतं. त्यासाठी सील बदलू नका.

जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तिथलं सील गळालं की पहिली तक्रार "हँडब्रेक धरत नाही" अशी येते. याच जीपच्या बाबतीत कळकळीनं सांगतो: मागचं एक चाक जॅकवर उचललं की हा हँडब्रेक गाडी धरत नाही, कारण डिफ्रन्शियल उचललेलं चाक उलटं फिरू देतं. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गाडी गिअरमध्ये टाकूनही उपयोग नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, चासीखाली लाकडी ठोकळे, मगच खाली शिरा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची पातळी नेहमी दोन्हीची एकत्र बघा. एकाची कमी आणि दुसऱ्याची भोकातून सांडेल इतकी जास्त असेल तर मधलं सील गेलंय, ऑइल एकातून दुसऱ्यात चाललंय आणि जास्तीचं बाहेर येतंय. भरण्याची पातळी म्हणजे भोकाची खालची कड, गाडी सपाट जागी उभी असताना. जास्त भरल्यानं फायदा होत नाही, नुसती गळती वाढते.

ऑइल वाढत असेल तर

गळती असूनही डीपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालू करू नका. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर बहुधा फीड पंपाचा पडदा फाटलाय आणि डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल सगळ्या जोडांतून गळतं, बेअरिंगना धरत नाही, आणि फार वाढलं तर इंजिन तेच जाळून चावी बंद केली तरी पळत सुटू शकतं.

किरकोळ जागा पटकन सांगतो. ऑइल प्रेशरचा स्विच स्वतः गळतो आणि पॅकिंगवर आळ येतो. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिली तर दोन रिंगांमधून धार लागते. अल्टरनेटरच्या मागं ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असेल तर त्याच्या ऑइलच्या नळ्या तापून चिरतात. चेंबरचे बोल्ट कुणी जोर लावून आवळले असतील तर पत्र्याला भोकांपाशी खळगे पडतात. नवीन पॅकिंगच्या आधी ठोकळ्यावर ठेवून ते सपाट करा. गळती थांबवणाऱ्या बाटल्या ऑइलमध्ये ओतायच्या मी विरोधात आहे. त्या रबर फुगवतात, काही दिवस झाकतात आणि कारण तसंच राहतं.

कोणती गळती चालवून घ्यावी याचा हिशोब असा: साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलिलिटर, दोन आठवड्यांत एक लिटर. इंजिनला तेवढं सोसतं, रोज डीपस्टिक बघणार असाल तर. डिफ्रन्शियलला सोसत नाही, कारण तिथं पट्टी नाही आणि आवाज येईपर्यंत कुणी बघत नाही.

मी आता पुठ्ठ्यावर तारीख टाकतो आणि वहीत लिहितो. सध्या एकच नोंद चालू आहे. पुढच्या उजव्या चाकाचा गोळा, ज्यावर चाक वळतं आणि ज्याच्याभोवती फेल्टची पट्टी असते, तिथून ग्रीस पातळ होऊन ओघळतंय आणि त्याला गंधकाचा वास आहे. म्हणजे आतलं एक्सलचं सील डिफ्रन्शियलचं ऑइल गोळ्यात सोडतंय, नुसती फेल्ट बदलून भागणार नाही. त्या बाजूचा ब्रेक मात्र उघडून पाहिला, कोरडा आहे. दोन्ही वस्तू आणून ठेवल्यात. तुरीची रास झाली की तो हब खोलायचा आहे, आणि गोळ्यावर गाऱ्यानं ओरखडे पडलेत का ते तेव्हाच कळेल.